भाकरी काट्यावर ठेवा: इन्सुलिन सुरू झाल्यावर कार्ब मोजायला शिकताना

आमच्या घरी कार्ब, म्हणजे जेवणातली कर्बोदकं, मोजणं सुरू झालं ते भाकरीपासून. लेकीला टाइप वन डायबेटीस असल्याचं कळलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा हातात इन्सुलिनची दोन पेनं, ग्लुकोमीटर आणि एक छापील तक्ता होता. तक्त्यात लिहिलं होतं, ‘एक पोळी किंवा भाकरी : १५ ग्रॅम कार्ब’. आम्ही सोलापूरकडचे. सासूबाईंची ज्वारीची भाकरी ताट भरून टाकते. तीन दिवस त्या भाकरीचे १५ ग्रॅम धरून आम्ही लेकीला एक युनिट (इन्सुलिनचं माप) देत होतो आणि तिन्ही दिवस जेवणानंतर शुगर तीनशेच्या पुढे जात होती. चौथ्या दिवशी मी वजनकाटा आणला आणि सासूबाई एका भाकरीसाठी परातीत जेवढं पीठ घेतात तेवढं तोलून पाहिलं. भरलं ८५ ग्रॅम. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सुमारे ६८ ग्रॅम कार्ब असतात. म्हणजे एका भाकरीत ५८ ग्रॅम. पोरीला लागत होते जवळजवळ चार युनिट आणि आम्ही देत होतो एक.

तक्ता चुकीचा नव्हता. त्यातली भाकरी आमच्या घरची नव्हती, एवढंच. म्हणून नुकतं इन्सुलिन सुरू झालेल्या प्रत्येक घराला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की दुसऱ्याचा तक्ता पाठ करू नका, आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू मोजा. पंधरा-वीस दिवसांचं काम आहे, पण नंतर कितीतरी वर्षं पुरतं.

आधी आपलं इन्सुलिन कोणतं ते बघा

जेवणातल्या कार्बप्रमाणे डोस कमी-जास्त करणं सगळ्यांना लागू नसतं. ज्यांना दिवसातून एकदा किंवा दोनदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी वेगळं जलद इन्सुलिन असतं, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. इन्सुलिन पंपावर असलेल्यांसाठीही आहे. आपल्याकडे अनेकांना, विशेषतः टाइप टूच्या वयस्कर मंडळींना, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन दिलेलं असतं, त्याला बोलीत ‘तीस-सत्तर’ म्हणतात. त्यात जलद आणि मध्यम पल्ल्याचं इन्सुलिन एकाच बाटलीत मिसळलेलं असल्यामुळे आज भात जास्त खाल्ला म्हणून डोस वाढवला की पुढच्या कित्येक तासांचं इन्सुलिनही वाढतं आणि अवेळी शुगर लो होते. त्यांनी कार्ब मोजावेत, पण उलट्या हेतूने. डोस ठरलेला, म्हणून रोज त्या त्या जेवणात कार्बही साधारण तेवढेच ठेवायचे आणि वेळही तीच पाळायची.

सिरिंजबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचं असतं आणि पेनातलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपणाच्या ४० च्या आणि केशरी टोपणाच्या १०० च्या. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ४ युनिट. आणि १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर जातं अडीच पट, ते जिवावर बेतू शकतं. कार्बचं गणित कितीही बरोबर असलं तरी इथे चूक झाली की सगळं वाया जातं. मेडिकलवाल्याने दिली म्हणून घेऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, ते दर वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

काय मोजायचं, काय सोडायचं

शुगर सर्वांत जास्त आणि सर्वांत लवकर वाढते ती कार्बमुळे. धान्यं, डाळी-कडधान्यं, बटाटा-रताळं, फळं, दूध-दही, साखर-गूळ हे सगळं मोजायचं. पालेभाज्या, काकडी, कोबी, वांगं, दोडका, टोमॅटो यांत कार्ब इतके थोडे असतात की नेहमीच्या वाटीभर भाजीसाठी आम्ही काहीच धरत नाही. अंडं, मासे, चिकन, पनीर, तूप, तेल हेही मोजत नाही, मात्र तेलातुपाचा वेगळा परिणाम होतो, तो पुढे सांगते.

आकडे हवेत ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे घ्या. २०१७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. त्यात कार्बचे आकडे तंतू (फायबर) वगळून दिलेले आहेत, त्यामुळे पुन्हा वजाबाकी करत बसावं लागत नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेली यादी त्यावरूनच केली आहे. कोरड्या, न शिजवलेल्या १०० ग्रॅममागे ढोबळ ग्रॅम असे :

तांदूळ ७८, पोहे ७७, रवा ६८
ज्वारीचं पीठ ६८, नाचणीचं ६७, कणीक ६४, बाजरीचं ६२
तूरडाळ ५५, मूगडाळ ५३, हरभराडाळ ४७
गूळ ८५, साखर जवळजवळ १००

एवढ्यावर मराठी स्वयंपाकघरातलं पाऊण काम भागतं. ही यादी एकदा नीट वाचली की घरातल्या बऱ्याच समजुती जातात. ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ ही त्यातली सर्वांत पक्की समजूत. ज्वारी आणि गहू यांच्यात ग्रॅमला ग्रॅम फारसा फरक नाही, ज्वारीत कार्ब थोडे जास्तच आहेत. भाकरी पौष्टिक आहे, जरूर खावी, पण तिचं इन्सुलिन द्यावंच लागतं.

काटा, वाटी, वही

डिजिटल वजनकाटा घ्या, एक-एक ग्रॅम दाखवणारा. जेवणासाठी घरातली एकच वाटी ठरवा आणि ती बदलू नका. वाटी-वाटीत किती फरक असतो, ते पाणी भरून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. आमच्याकडे ‘वाटी’ म्हणून वापरात असलेल्या तीन भांड्यांत अनुक्रमे ११०, १५० आणि २०० मिलिलिटर पाणी मावलं. तिन्ही भरून भात वाढला तर एका वाटीच्या भातात दुसरीच्या जवळजवळ दुप्पट कार्ब! तिसरी गोष्ट वही. मोबाइलची ॲप्स आहेत, पण त्यांतली ‘भाजी’ आणि आपली भाजी यांचा मेळ बसत नाही. आम्ही शंभर पानी वहीवरच चालवतो.

पहिले चार-पाच दिवस डोसच्या फंदात पडू नका. डॉक्टरांनी सांगितलेला ठरावीक डोस द्या आणि नुसतं मोजा.

पोळीपासून सुरुवात केलेली बरी. कोरडी कणीक तोला, पाणी घालून मळा, मग मळलेला पूर्ण गोळा तोला. आमच्याकडे १०० ग्रॅम कणकेला साधारण ६० ग्रॅम पाणी लागतं, म्हणजे १६० ग्रॅमच्या गोळ्यात ६४ ग्रॅम कार्ब. ६४ भागिले १६० म्हणजे ०.४. हा ०.४ आमचा पोळीचा आकडा. लाटायच्या आधी गोळी तोलायची आणि ०.४ ने गुणायचं. ४५ ग्रॅमची गोळी म्हणजे १८ ग्रॅम कार्ब. आठवडाभर तोलल्यावर हात आपोआप ४५ ग्रॅमचीच गोळी तोडायला लागतो. तुम्ही कणीक सैल मळत असाल तर तुमचा आकडा ०.४ पेक्षा कमी येईल, घट्ट मळत असाल तर जास्त. भाजलेली पोळी तोलून हिशेब करू नका, भाजताना पाणी किती उडालं ते दर वेळी वेगळं असतं. भाकरीचं काम त्याहून सोपं, कारण तिचं पीठ एका वेळी एकीपुरतंच मळतात. परातीत घेतलेलं पीठच तोलायचं आणि थापताना खाली लावलेल्या पिठाचे तीन-चार ग्रॅम वर धरायचे.

भाताला जरा चिकाटी लागते. रिकामा कुकरचा डबा तोलून ठेवा. २०० ग्रॅम तांदूळ शिजवा आणि शिजल्यावर डब्यासकट तोला, मग डब्याचं वजन वजा करा. आमच्या २०० ग्रॅमचे ५६० ग्रॅम झाले. २०० ग्रॅम तांदळात १५६ ग्रॅम कार्ब, ते ५६० ग्रॅम भातात पसरले. म्हणजे १०० ग्रॅम भातात २८. आमच्या दीडशेच्या वाटीत, न दाबता, ११० ग्रॅम भात बसतो, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. मऊ भात आणि मोकळा भात यांचे आकडे वेगळे येतात, दोन्ही एकदा काढून ठेवा. वाटी दाबून भरली की वीस-पंचवीस ग्रॅम भात सहज जास्त बसतो. शुगर का वाढली याचं उत्तर आम्हाला कित्येकदा त्या दाबलेल्या वाटीतच सापडलं.

डाळ-उसळ कोरडी मोजा. चौघांच्या वरणाला ८० ग्रॅम तूरडाळ घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम डाळ, म्हणजे ११ ग्रॅम कार्ब. दूध १०० मिलिलिटरला ५. चहात पन्नास मिलिलिटर दूध आणि दीड चमचा साखर असेल तर दहा ग्रॅम होतात, आणि दिवसातून तीनदा तो चहा कुणी मोजत नाही. फळ सोलून, बी काढून तोला. सफरचंद शंभर ग्रॅमला १३ च्या आसपास, केळं २० ते २३. वेलची केळं आणि मोठं केळं यांच्यात दुपटीहून जास्त फरक पडतो, त्यामुळे ‘एक केळं’ असं वहीत लिहू नका.

एकत्र शिजलेल्या पदार्थाचं काय?

पद्धत एकच. कार्ब असलेला प्रत्येक जिन्नस आधी तोला, त्यांचे कार्ब मिळवा, तयार पदार्थाचं एकूण वजन करा आणि भागा. होळीला आम्ही पुरणपोळीचं असं केलं. २५० ग्रॅम हरभराडाळ म्हणजे ११७ ग्रॅम कार्ब, २५० ग्रॅम गूळ म्हणजे २१२, मिळून ३२९. पुरण आटून, वाटून झाल्यावर ७०० ग्रॅम भरलं. ३२९ भागिले ७००, म्हणजे पुरणाच्या प्रत्येक ग्रॅमला ०.४७. एका पोळीत ६० ग्रॅम पुरण, त्याचे २८, आणि ३५ ग्रॅम कणकेच्या गोळीचे १४. एक पुरणपोळी ४२ ग्रॅम. लेकीने त्या दिवशी दीड पोळी खाल्ली, सगळ्यांच्या पंगतीत बसून, ६३ ग्रॅमचं इन्सुलिन घेऊन. ‘सणावाराला बिचारीला काही खाता येत नाही’ असं म्हणणाऱ्या आत्याबाई समोरच बसल्या होत्या.

या ‘बिचारी’वर मला थोडं बोलायचंच आहे. भात बंद करा, गोड बंद करा, एक वेळ जेवा, असे सल्ले इन्सुलिनवरच्या मुलांना अजूनही दिले जातात. इन्सुलिन येण्याआधी खरोखर तसंच करत. कार्ब जवळपास बंद करून मुलांना अर्धपोटी ठेवत आणि तरीही ती फार जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, आणि पुढे मुलं जेवून जगू लागली. वाढत्या वयाच्या मुलाचं ताट कापू नका. ताटाला पुरेल इतकं इन्सुलिन द्यायला शिका.

आता गणित

तुमच्या डॉक्टरांकडून तीन आकडे लिहून घ्या. एक, एक युनिट किती ग्रॅम कार्बला पुरतं. दोन, एक युनिट शुगर किती अंकांनी उतरवतं. तीन, जेवणाआधीची लक्ष्य शुगर किती. जलद इन्सुलिन वापरणाऱ्यांसाठी डॉक्टर सुरुवात बहुधा एका ठोकताळ्यावरून करतात. पहिल्या आकड्यासाठी ५०० ला दिवसभरातल्या एकूण युनिटने भागायचं, दुसऱ्यासाठी १८०० ला. दिवसाला एकूण ३५ युनिट लागत असतील तर एक युनिट सुमारे १४ ग्रॅमला पुरेल आणि शुगर सुमारे ५० ने उतरवेल. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, तो तपासून पक्का करायचा असतो आणि ते डॉक्टरांबरोबरच करायचं. सकाळचा आकडा बऱ्याच जणांचा वेगळा असतो. आमच्या लेकीला दुपारी एक युनिट १५ ग्रॅमला पुरतं, तर सकाळी फक्त १० ग्रॅमला.

एक जेवण करून दाखवते. दुपारी जेवणाआधी शुगर १९०. लक्ष्य १२०. ताटात दोन पोळ्या ३६, अर्धी वाटी भात १५, वरण ११, मेथीची भाजी आणि कोशिंबीर शून्य. एकूण ६२. भागिले १५ म्हणजे ४.१ युनिट. शुगर ७० ने जास्त आहे, भागिले ५० म्हणजे १.४. दोन्ही मिळून ५.५. अर्ध्या युनिटचं पेन असेल तर ५.५ च द्या. नसेल तर ५ द्यायचे की ६, ते पुढचे दोन तास काय होणार त्यावर ठरतं. खेळायला जाणार असेल तर आम्ही ५ देतो.

जेवणाआधी शुगर ७० च्या खाली असेल तर हे गणित बाजूला ठेवा, आधी लो सावरा. आणि मागचा जलद डोस देऊन तीन-चार तास झाले नसतील तर वाढलेल्या शुगरसाठी पुन्हा डोस देऊ नका. पहिलं इन्सुलिन अजून काम करत असतं, वर दुसरं पडलं की शुगर धाडकन खाली येते. सुरुवातीला घाबरून आम्हीही रात्री दोनदा डोस दिला होता. पहाटे तीनला घामाने निथळलेली, थरथरणारी पोर उठवून साखरेचं पाणी पाजलं, ती रात्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

वेळही पाळा. जलद ॲनालॉग (लवकर काम सुरू करणारं नव्या प्रकारचं) इन्सुलिन जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं, साधं रेग्युलर अर्धा तास. पानात वाढून झाल्यावर सुई शोधायला लागलो तर भात पुढे पळतो आणि इन्सुलिन मागून येतं.

आकडा बरोबर आहे का, ते कसं कळणार?

ज्या जेवणाचे कार्ब तुम्हाला पक्के माहीत आहेत असं साधं जेवण निवडा, पोळी-भाजी-वरण. जेवणाआधीची शुगर लक्ष्याजवळ असलेला दिवस घ्या. दोन तासांनी आणि चार तासांनी तपासा. दोन तासांनी शुगर थोडी वर असणारच, त्याने घाबरू नका. चार तासांनी ती जेवणाआधीच्या आकड्याजवळ परतली पाहिजे. असं वेगवेगळ्या तीन दिवशी करा. तिन्ही वेळा वरच राहिली किंवा तिन्ही वेळा खाली गेली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एका दिवसावरून काहीच ठरवू नका. ताप, पाळी, परीक्षा, अपुरी झोप, सगळ्याने शुगर हलते. टाइप वनच्या सुरुवातीला काही आठवडे किंवा महिने शरीर स्वतःचं थोडं इन्सुलिन पुन्हा बनवू लागतं. तेव्हा डोस एकदम कमी लागतो आणि आजार बरा झाला असं वाटतं. तो बरा होत नाही. अशा दिवसांत इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, आणि आजारपणात जेवण जात नसलं तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन चुकवू नका. उलट्या होत असतील तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.

लो झाल्यावर

शुगर ७० च्या खाली आली की मोठ्यांना १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून खालीच असेल तर पुन्हा द्या. लहान मुलांना किती द्यायची ते वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. चॉकलेट, बर्फी, दूध-बिस्कीट देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. या साखरेसाठी इन्सुलिन द्यायचं नसतं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लुकागॉन (शुगर चढवणारं तातडीचं औषध) असेल तर द्या आणि दवाखाना गाठा. आमच्याकडे दप्तरात, गाडीत, उशाशी, तिन्ही ठिकाणी ग्लुकोज पावडरची पुडी असते.

उपवास, वडापाव, लग्नाची पंगत

उपवासाचा दिवस हलका, ही समजूत इन्सुलिनवाल्यांना फार महागात पडते. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला जवळजवळ ८७ ग्रॅम कार्ब असतात. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची एक बशी खिचडी, त्यात थोडा बटाटा आणि दाण्याचं कूट धरलं तर साठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वरच्या ताटातल्या पूर्ण जेवणाएवढी. ती पोटात टिकत नाही, झपाट्याने शुगर वर नेते.

वडापावचं उलट आहे. साध्या पावात वजनाच्या साधारण निम्मे कार्ब असतात, पन्नास ग्रॅमचा पाव म्हणजे पंचवीस. वड्यातला बटाटा आणि बेसन मिळून पंधरा-सतरा. चाळीसच्या घरात जातो. पण तळलेलं असल्याने पोट हळू रिकामं होतं. दोन तासांनी शुगर छान दिसते आणि चार-पाच तासांनी चढलेली सापडते. भरपूर तुपातली पुरणपोळी, बिर्याणी, पनीरची ग्रेव्ही यांचंही तेच. अशा जेवणांसाठी डोस दोन भागांत द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. रात्री असं जेवण झालं तर झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा शुगर तपासाच.

लग्नात काटा नेता येत नाही. तिथे आम्ही आधी पूर्ण पंगत बघून घेतो. लेक नक्की काय खाणार ते ठरवते आणि तेवढ्याचंच इन्सुलिन घेते. मग जिलबी आवडली आणि आणखी घेतली तर तिचे थोडे युनिट वेगळे. न खाल्लेल्या जेवणाचं इन्सुलिन परत काढता येत नाही, म्हणून आधी कमी धरलेलं बरं.

पाकिटावर शंभर ग्रॅमचा आकडा आणि एका वाढणीचा आकडा असे दोन्ही असतात. एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा, फक्त साखरेची नको. ‘शुगर फ्री’ बिस्किटातही मैदा असतोच.

शाळेच्या डब्यात मी रोज एक चिठ्ठी घालते : ‘पोळी २ = ३६, उसळ = १५, एकूण ५१’. पहिल्या वर्षी लेक ती चिठ्ठी वाचून मला फोन करायची, मग डोस घ्यायची. आता चिठ्ठी उघडते आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून पाठवते : ‘आज गोळी मोठी होती. पोळ्यांचे ४० धरले.’ मी घरी उरलेली पोळी पाहिली, त्या दिवशी घाईत काटा काढलाच नव्हता.